कुत्र्याचें चित्र नसलेली तबकडी

ग्रामोफोनच्या भर अमदानींत तबकडी म्हटली कीं डोळ्यांपुढें कुत्रा उभा राही. कर्ण्यापुढें मान किंचित् कलती करून बसलेला तो पांढरा कुत्रा इतका घरचा झाला होता, कीं तबकड्या काढणाऱ्या कंपन्या एकाहून अधिक असूं शकतात, ही गोष्ट पुष्कळांच्या गांवींही नसे. या कुत्र्याची मूळ हकीकत मोठी मौजेची आहे. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकारानें तें चित्र काढलें तेव्हां कुत्रा मरून कांहीं वर्षें लोटलीं होतीं. आणि चित्रांतलें यंत्रही तबकडीचें नव्हे, एडिसनच्या नळकांड्याचें होतें. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनें चित्र विकत घेतांना यंत्र बदलून मागितलें, आणि चित्रकारानें जुन्या यंत्रावर रंग फासून त्या जागीं तबकडीचें यंत्र काढून दिलें. मेलेला कुत्रा आणि पुसलेलें यंत्र, यांच्या जिवावर अर्ध्या जगाचा धंदा चालला!

या कुत्र्याच्या राज्यांत १९३५ सालीं मुंबईंत एक तबकडी निघाली आणि वीस वर्षें निघत राहिली. तिच्यावर कुत्रा नव्हता. 'यंग इंडिया' हें तिचें नांव. काढणाऱ्या मंडळींचें नांव मोठें लांबलचक होतें : नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड. १९५५ सालीं ही कंपनी बंद पडली. मधल्या अवधींत तिनें दहा हजारांहून अधिक मुद्रणें बाजारांत आणलीं. त्यांत चित्रपटांतलीं गाणीं होतीं, लोकांच्या आवडीचीं पदें होतीं, शास्त्रोक्त गायन होतें, लोकगीतें होतीं, आणि शिक्षणासाठीं मुद्दाम केलेल्या तबकड्याही होत्या. 'यंग इंडिया' हें नांव त्या काळच्या माणसाच्या कानाला अनोळखी नव्हतें. याच नांवाचें गांधीजींचें साप्ताहिक १९१९ पासून पुढें बारा वर्षांहून अधिक काळ लोकांनीं वाचलें होतें.

या धाडसाचा अर्थ कळावयाचा तर थोडें मागें जावें लागतें. १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास उतरला आणि त्यानें गौहरजान प्रभृति गायिकांचे आवाज मेणावर उतरवून घेतले. तें मेण आगबोटीनें जर्मनींत हॅनोव्हरला जावयाचें, तेथें तबकड्या छापल्या जावयाच्या, आणि त्या पुन्हा समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत विक्रीस यावयाच्या. गाणें संपल्यावर गायिका इंग्रजींत आपलें नांव सांगते, ही जुन्या तबकड्यांतली गंमत पुष्कळांनीं ऐकली असेल. तो ठसका रसिकांसाठीं नव्हता. हॅनोव्हरच्या कारागिराला कोणती तबकडी कोणाची हें कळावें, एवढाच त्याचा हेतु होता. १९०८ सालीं कंपनीनें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना घातला, १९२८ च्या सुमारास तो डमडमला मोठ्या प्रमाणावर उभारला, आणि १९३१ सालीं इंग्लंडांतल्या दोन मोठ्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र होऊन एकच प्रचंड संस्था झाली. म्हणजे लेबलें निरनिराळीं दिसलीं तरी धनी बहुधा एकच, असा प्रकार झाला.

देशी माणसांनीं या धंद्यांत हात घातला नव्हता असें नाहीं. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस हे 'कुंतलीन' तेलाचे कर्ते म्हणून प्रसिद्ध. त्यांनीं वंगभंगाच्या दिवसांत स्वतः नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण केलें, आणि रवींद्रनाथांचा आवाज त्यांत होता. पुढें १९३२ च्या सुमारास चंडीचरण साहा यांची 'हिंदुस्थान रेकॉर्ड्स' निघाली, आणि कुंदनलाल सैगलचा आवाज प्रथम लोकांच्या घरांत गेला तो या कंपनीच्या तबकडीवरून. जितेंद्रनाथ घोष यांची 'मेगाफोन' ही अशीच आणखी एक. या सर्वांनीं गायक निवडले, चाली बांधवून घेतल्या, लेबलावर आपलें नांव घातलें. परंतु तबकडी छापून घ्यावयाची वेळ आली कीं त्यांना डमडमचा रस्ता धरावा लागे. गहूं घरचा आणि जातें शेजाऱ्याचें, अशांतला हा प्रकार. जातें ज्याचें असतें तो दळणाचा भाव ठरवितो, आणि घाईच्या दिवसांत आपलें पीठ आधीं काढून घेतो, हें काय सांगावयास पाहिजे?

मुंबईच्या कंपनीचें वैशिष्ट्य येथेंच आहे. 'मॅन्युफॅक्चरिंग' हा शब्द तिनें नांवांत उगाच घातला नव्हता. ती स्वतः तबकड्या छापीत असे. मोठ्या प्रमाणावर तबकड्या तयार करणारा, संपूर्णपणें देशी असा त्या काळचा हा एकच उद्योग होता.

तबकडी तयार करणें हें काम नाजूकही आहे आणि धसमुसळेंही आहे. गायक ध्वनिक्षेपकापुढें गातो. त्याच्या स्वराबरोबर थरथरणारी एक सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी चरा पाडीत जाते. त्या मेणावर विजेच्या साह्यानें धातूचा थर चढवितात आणि सोडवून घेतात. हा झाला उलटा ठसा. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटा, असे धातूचे ठसे काढीत जावें लागतें, कारण मूळ ठशावरच छपाई केली तर तो झिजून जाईल आणि गाणें कायमचें जाईल. एवढें झाल्यावर दाबयंत्राचें काम. लाख, दगडाची बारीक भुकटी, काजळी, आणि थोडे कापसाचे तंतु यांची ऊन लगदी दोन ठशांमध्यें ठेवावयाची, वर-खालीं कागदी लेबल ठेवावयाचें, वाफेनें तापलेल्या यंत्रांत दाबावयाची, आणि लगेच गार पाण्यानें निववावयाची. लाख ही तर आपल्याच रानांतली वस्तु! छोटा नागपूरच्या पळसांवर आणि कुसुंबांवर होणारी लाख इंग्लंड-अमेरिकेच्या तबकड्यांना लागे. १९४२ सालीं लढाईमुळें तिचा पुरवठा आटला, तेव्हां अमेरिकन सरकारनें तबकड्यांच्या कारखान्यांची लाख शेंकडा सत्तर टक्क्यांनीं कमी केली. ज्या देशाच्या लाखेवर जगांतलीं गाणीं उमटत होतीं, त्या देशांत देशी भांडवलाचा तबकडीचा कारखाना मात्र १९३५ पर्यंत नांव घेण्याजोगा नसावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कारखाना झाला, पण गाणार कोण? बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या जुन्या कंपन्यांनीं काढलेल्या. मोठें नांव म्हणजे मोठा करार आणि मोठी बिदागी. नव्या कंपनीपुढें मग एकच वाट उरली, आणि ती तिनें मनापासून धरली असें दिसतें. तिनें तरुण आणि हौशी गायकांना बोलावलें. ज्यांना अजून कोणी विचारीत नव्हतें, अशांच्या आवाजांनीं तिची यादी भरली आहे. गरजेपोटीं पडलेली ही चाल पुढें तिची ओळख होऊन बसली.

येथें कुत्र्यावरही अन्याय होऊं नये. त्या कंपनीनेंही नवीं माणसें शोधलीं. भावगीतगायक जी. एन. जोशी हे वकिली सोडून १९३८ सालीं त्याच कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, आणि मराठी भावगीताला व अभिजात गायनाला त्यांचा मोठा हातभार लागला. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत तो सर्व काळ आला आहे. परंतु मोठ्या पेढीला नवा गायक घेतांना आपल्या जुन्या गायकाचा खप बिघडणार नाहीं ना, हें पाहावें लागतें. लहान पेढीला गमवावयाचेंच थोडें, म्हणून तिचा हात सैल असतो. तबकडीची एक बाजू सवातीन मिनिटांत संपते. हौशी गायकाला तेवढ्या अवकाशांत आपलें सर्वस्व मांडावयाचें. पांच वर्षें तालीम घेतलेल्या माणसानें सवातीन मिनिटांत आलाप, अस्ताई, अंतरा आणि चार ताना उरकावयाच्या, हा प्रकार बैठकीच्या गवयाला अवघडच. पण भावगीताला तो साचा जणूं मापून घेतल्यासारखा बसला.

तबकडी छापून झाली म्हणजे कथा संपत नाहीं. ती कोठें वाजणार, हेंही पाहावयास पाहिजे. आणि त्यासाठीं मुंबईहून पूर्वेकडे निझामाच्या राज्यांतल्या नांदेड आणि लातूर या दोन गांवांकडे वळावें. एक गोदावरीच्या काठचें, गुरु गोविंदसिंगांच्या समाधीमुळें साऱ्या देशाला ठाऊक असलेलें, उस्मानशाही गिरणीच्या भोंग्यावर उठणारें. दुसरें गंजगोलाईच्या वाटोळ्या पेठेंत धान्य आणि गूळ मोजणारें, त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतलें. मुंबईची कोणतीही तबकडी या गांवीं पोहोंचावयाची म्हणजे तिला बरेच सोसावें लागे. नांदेडला जावयाचें तर मनमाडला मोठी गाडी सोडून १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या गोदावरी खोऱ्याच्या मीटर मापाच्या गाडींत बसावयाचें. लातूरला जावयाचें तर कुर्डुवाडीस उतरून बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून जावयाचें. ही गाडी १९११ सालीं लातूरला आली. लाखेची तबकडी काचेसारखी ठिसूळ. प्रत्येक बदलाच्या ठिकाणीं हमालाच्या डोक्यावर तिचें नशीब.

रुळ बदलले तसें राज्यही बदले. निझामी हद्दींत येणाऱ्या मालावर करोडगिरीचा कर शेंकडा पांच. नाणेंही निराळें : सुमारें ११६ किंवा ११७ हाली रुपये म्हणजे १०० कलदार. मुंबईच्या किंमतपत्रकांतला आंकडा वाचून नांदेडच्या दुकानदाराला आधीं हालींत हिशेब करावा लागे, मग कर मिळवावा लागे, आणि फुटक्या मालाची तूट धरावी लागे. राज्याची भाषा उर्दू होती. 'गश्ती निशान ५३' या हुकुमानें जाहीर सभा भरवावयाची तर आगाऊ परवानगी आवश्यक केली होती. हैदराबादेस १९३५ सालीं निझाम सरकारनें नभोवाणी केंद्र आपल्या हातीं घेतलें, तेव्हां हवेंतून काय ऐकूं यावयाचें हेंही सरकारच ठरवूं लागलें.

अशा मुलुखांत चावीचा ग्रामोफोन ही वस्तु निराळ्याच मोलाची होती. त्याला वीज लागत नव्हती, केंद्र लागत नव्हतें, परवाना लागत नव्हता. माडीवर दार लोटून, चावी भरून, डबींतली नवी सुई बसविली कीं मराठी पद सुरू होई. ग्रामोफोन गांवांत थोड्याच घरीं असे, म्हणून ऐकावयास बाजूच्या चार घरांतलीं माणसें जमावयाचीं. शाळेंत आणि कचेरींत उर्दू ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पुण्या-मुंबईचें मराठी असें कोणत्याही सभेवांचून पडत होतें. १९३१ सालीं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखालीं हैदराबादेस साहित्यसंमेलन भरलें, याचें निझामी मराठी लोकांना केवढें अप्रूप वाटलें हें त्या पिढीच्या लेखनांत ठिकठिकाणीं दिसतें. संमेलन वर्षांतून एकदां, आणि तेंही कोठें तरी दूर भरणार. तबकडी रोज संध्याकाळीं वाजे.

मात्र हा प्रवास बहुतेक एकतर्फीच राहिला. मुंबईचा आवाज नांदेडला गेला. नांदेडचा आवाज मुंबईच्या मेणावर क्वचितच उमटला असेल. एकनाथांच्या भारुडांचा हा प्रदेश, नामदेवांचें नरसी याच भागांतलें, आणि जात्यावरच्या ओव्या तर घरोघर. परंतु ध्वनिमुद्रणाची खोली मुंबईंत, आणि तेथवर यावयाचें भाडें गाणाऱ्याच्या खिशांत नाहीं. देशी कंपनीनेंही हें अंतर फारसें कापलें नाहीं. तिच्या हौशी गायकांत मुख्यतः शहरांतला शिकलेला वर्गच येऊं शकला, हा तिचा दोष म्हणण्यापेक्षां तिची मर्यादा म्हणावी.

लहान पेढीनें अनोळखी आवाजाला जागा द्यावी, ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असें नाहीं. अमेरिकेंत मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स नांवाच्या गृहस्थानें १९५० सालीं ध्वनिमुद्रणाची एक लहान खोली उघडली. कोणींही यावें, चारएक डॉलर भरावे आणि आपला आवाज तबकडीवर उतरवून घरीं न्यावा. १९५२ सालीं त्यानें 'सन' या नांवानें स्वतःच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला. पहिल्या काळांत त्याचे गायक बहुतेक नीग्रो समाजांतले, ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या ढुंकून पाहात नसत. १९५३ सालीं अठरा वर्षांचा एक पोरगा असेच पैसे भरून दोन गाणीं म्हणून गेला. तो एल्विस प्रेस्ली. पुढच्या जुलैंत फिलिप्सनें त्याची पहिली तबकडी काढली, आणि रॉक अँड रोल नांवाचें जें वादळ जगभर गेलें त्यांतला एक मोठा झोत या खोलींतून निघाला. पण एवढा खप पेलण्याची ऐपत लहान पेढीला नव्हती. १९५५ च्या नोव्हेंबरांत फिलिप्सनें एल्विसचा करार पस्तीस हजार डॉलरला आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीला विकून टाकला. या कंपनीच्या लेबलावर कोणतें चित्र होतें? तेंच, कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याचें. मुंबईची 'यंग इंडिया' बंद पडली तेंही सालच १९५५.

मुंबईंत त्या सुमारास धंद्याचें रूपच पालटलें होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत निझामी राज्य संपलें, करोडगिरीचे नाके पुढें उठले, हाली रुपया गेला. मराठवाड्याकडे माल जाण्यास वाट मोकळी झाली. पण आतां त्या वाटेनें जाणारें गाणें बहुतांशीं चित्रपटाचें होतें. चित्रपटाची तबकडी खपवावयास जाहिरात लागत नाहीं, पडदाच ती जाहिरात करतो. आणि लोकप्रिय चित्रपटांचीं गाणीं जुन्या बलाढ्य कंपनीच्या हातीं होतीं. १९५२ सालीं आकाशवाणीनें चित्रपटगीतांना दार लावलें, तेव्हां श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'नें दर आठवड्याला खपाची जणूं बाजारपेठच भरविण्यास आरंभ केला. हौशी गायकाच्या भावगीताला या बाजारांत पाल टाकावयास जागा नव्हती. शिवाय अमेरिकेंत १९४८ सालींच लांब वाजणारी, न फुटणारी तबकडी निघाली होती. आज ना उद्यां ती येथें येणार, आणि लाखेच्या दाबयंत्रांत गुंतविलेलें भांडवल मातीमोल होणार, हें दिसत होतें.

कंपनी बुडणें हें व्यापारांत नित्याचेंच आहे. खरें नुकसान पुढें झालें. जुनी मोठी कंपनी टिकली, म्हणून तिचीं जुनीं मुद्रणें लांब तबकडीवर आलीं, मग कॅसेटवर आलीं, मग त्याहून नव्या साधनांवर आलीं. 'सन' कंपनी १९६९ सालीं विकली गेली, पण घेणारा होता, आणि त्यानें जुना ठेवा पुन्हा पुन्हा बाजारांत आणला. म्हणून मेंफिसच्या अनेक गरीब गायकांचे आवाज आजही ऐकूं येतात. 'यंग इंडिया'ला वारस मिळाला नाहीं. तिच्या तबकड्या लांब तबकडीवर निघाल्या नाहींत, कॅसेटवर निघाल्या नाहींत. ज्याचें दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडे कांहीं नव्हतें असा हौशी गायक, त्याचें सारें गाणें त्या दोन-चार काळ्या चकत्यांत राहिलें. चकती फुटली कीं गाणें गेलें. त्यांतल्या कित्येकांचें पुढें संसारांत गाणें सुटलें असेल, आणि नातवंडांना आजीची एकदां तबकडी निघाली होती एवढेंच ऐकून ठाऊक असेल.

हा ठेवा गोळा करण्याचें काम धंदेवाल्यांनीं केलें नाहीं, छांदिष्टांनीं केलें. १९९० सालीं मुंबईंत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची मंडळी स्थापन झाली. तिचे एक संस्थापक डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतले शास्त्रज्ञ; फावल्या वेळांत त्यांनीं तबकड्यांचा इतिहास लिहिला आणि 'यंग इंडिया'चाही पाठपुरावा केला. नाहींशा होऊं पाहणाऱ्या दप्तरांचें रक्षण करणारी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची एक योजना आहे. तिच्या साह्यानें त्यांनीं संग्राहकांकडच्या शेंकडों 'यंग इंडिया' तबकड्यांच्या आवाजाच्या व लेबलांच्या प्रती करून ठेवल्या. जी तबकडी लंडनच्या कंपनीशीं स्पर्धा करण्यासाठीं निघाली, तिच्या स्मृतीला शेवटीं लंडनच्याच ग्रंथालयाचा टेंकू लागला. याबद्दल हंसावें कीं लाजावें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

कायद्याची अडचण आतां उरलेली नाहीं. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षें चालतो; म्हणजे १९५५ ची शेवटची तबकडीदेखील २०१६ पासून सर्वांना मोकळी झाली आहे. अडचण आहे ती तबकडी सांपडण्याची. दहा हजारांहून अधिक मुद्रणांतला मोठा भाग अद्याप कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेंत, नाहीं तर जुन्या बाजारांतल्या ढिगाऱ्यांत आहे. लातूरची अडीच फुटी गाडी गेली, नांदेडचें मीटर मापही गेलें. त्या गाड्यांतून आलेलीं ओझीं मात्र जुन्या वाड्यांतून अधूनमधून निघतात.

अशी एखादी तबकडी हातीं आली, तर ती आडवी रचूं नये, उभी ठेवावी. एकावर एक पडलेल्या तबकड्या स्वतःच्याच भारानें तडकतात. उन्हांत ठेवूं नये, कारण लाख मऊ पडून चकती वांकडी होते. धूळ मऊ कोरड्या फडक्यानें चऱ्यांच्या वळणानेंच पुसावी. स्पिरिट लावून स्वच्छ करण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो कटाक्षानें टाळावा, कारण लाख स्पिरिटांत विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेंही. लेबलावरचें गायकाचें नांव, गाण्याचे पहिले शब्द आणि क्रमांक हीं तेवढीं एका कागदावर उतरून ठेवावींत. आणि जुनी पोलादी सुई लावून ती वाजवून पाहण्याच्या आधीं एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवावी.